नकार देणारी आई हवी

माझ्या धाकट्या भावाला माझ्याकडून काही हवं असलं की तो आधी माझ्या शिलाई मशीनची चौकशी करतो. "काय ताई, मशीन बरं चाललंय ना?" असं त्याने दुकानाच्या दारातूनच विचारलं, तेव्हाच मी समजून चुकले. मी तोंडात टाचण्या धरून एका कोटाची बाही आखूड करत होते. मला काही बोलता येईना आणि त्याला मोकळं रान मिळालं.

तो वर्तमानपत्रात आहे, आरोग्याच्या बातम्या करतो. म्हणजे दवाखान्यातल्या गळक्या नळापासून साथीच्या आकड्यांपर्यंत जे जे दुसऱ्या कुणाला नको असतं, ते ते त्याच्या टेबलावर येऊन पडतं. गेलं वर्षभर त्यांच्या कचेरीतून एकेक माणूस कमी होतोय. रिकाम्या टेबलांवर आता जुन्या अंकांचे गठ्ठे बसतात असं तो हसत सांगायचा, पण सांगता सांगता त्याचा घास हातातच राहायचा. अशात एका मोठ्या संस्थेने पत्रकारांसाठी ट्रेनिंग काढलं. लस आणि लोकांचं आरोग्य यांवर लिहायचं कसं, हे शिकवायचं ट्रेनिंग. ते पुरं करणाऱ्यांतल्या मोजक्यांना फेलोशिप मिळणार होती, म्हणजे सहा महिने एकाच विषयावर नीट फिरून लिहायला पैसे. आणि फेलोशिप मिळालेल्या माणसाला कचेरी घरी पाठवणार नाही, असं त्याच्या संपादकाने त्याला सांगितलं होतं.

"शेवटच्या दिवशी सराव असतो," तो म्हणाला. "मुलांना लस न दिलेल्या आईवडिलांशी बोलायचा. जमलं तर ज्याने त्याने आपला एक माणूस घेऊन यायचा. पण आणणार कुठून? लस नको म्हणणारे लोक आम्हाला दारसुद्धा उघडत नाहीत."

मी टाचण्या काढून उशीला टोचल्या. "मग?"

"आपल्या बटणची गोवराची लस राहिलीय ना अजून?"

बटण म्हणजे माझी मुलगी. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि इतकी लहान होती की तिच्या बापाने हे नाव ठेवलं. ती तेव्हा चिंध्यांच्या ढिगात बसून एक गुंडाळी उलगडत होती. मामा दिसताच तिने गुंडाळी फेकली आणि दोन्ही हात वर केले. त्याने तिला उचललं. तिला खांद्यावर घेऊनच तो पुढचं सगळं बोलला, आणि मी हो म्हटलं.

आता लस का राहिली होती, ते आधीच सांगून टाकते. मला कसली भीती नव्हती. आधीच्या सगळ्या लसी मी वेळच्या वेळी दिल्या होत्या. गोवराच्या लसीसाठी मी सकाळी दुकान बंद ठेवून दवाखान्यात गेले, पोरीला कडेवर घेऊन रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली, मी खुर्चीत बसले, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, आज मुलं कमी आहेत, बाटली फोडता येणार नाही. एका बाटलीत बऱ्याच मुलांची लस असते, फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते, उरली तर वाया. पुढच्या खेपेला या. खेप म्हणे! मी काय रिकामटेकडी आहे? माझ्या नाकावर राग असतोच, त्या दिवशी तो डोक्यात गेला. "नकोच मला तुमची लस, घाला चुलीत!" असं मी साऱ्या रांगेदेखत ओरडले आणि उठताना खुर्ची अशी मागे ढकलली की ती पडली, तिचा एक पाय मोडला आणि टेबलावरचा चहा नर्सबाईंच्या कागदांवर सांडला. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी तशीच चालती झाले. घरी येईपर्यंत राग उतरला आणि लाज चढली. त्यानंतर त्या दवाखान्याच्या रस्त्याने जायचंसुद्धा माझ्या जिवावर यायचं. घरी मी सांगितलं की पोरीला इंजेक्शननंतर ताप येतो, मला भीती वाटते, बघू पुढे. भीती वाटते म्हटलं की माणसं समजून घेतात. खुर्ची मोडली म्हटलं की हसतात.

भावालाही मी भीतीच सांगितली होती. त्याने तीच उचलली.

ट्रेनिंग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. गुळगुळीत फरशी, गोल मांडलेल्या खुर्च्या, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद. सगळ्यांच्या छातीवर बॅज होते आणि त्यांवर नाव, पेपर, गाव. माझ्या बॅजवर नुसतं "पालक" असं लिहिलेलं. ट्रेनिंगवाल्या बाई उंच होत्या, हळू बोलायच्या आणि समोरचा गप्प बसला की त्याच्याहून जास्त वेळ गप्प बसायच्या. त्यांनी पत्रकारांना शिकवलं होतं की नकार देणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याला लाजवायचं नाही, त्याचेच शब्द त्याला परत ऐकवायचे, म्हणजे तो मोकळा होतो. शिकवण चांगलीच होती, मी नावं ठेवत नाही. पण ती सगळी मंडळी नुकतीच शिकलेली. मी म्हटलं, "पंखा जरा कमी कराल का, पोरीच्या डोक्यावर येतोय." तर समोरचा तरुण गंभीर चेहऱ्याने पुढे वाकला आणि म्हणाला, "म्हणजे पंख्यामुळे तुम्हाला पोरीची काळजी वाटतेय." पंखा कुणी कमी केला नाही. मी पोरीला पदरात घेतलं.

मग एकेकजण माझ्यापुढे येऊन बसायला लागला. पहिल्याला मी म्हटलं, ताप येतो म्हणून भीती वाटते. त्याच्या पेनाची गती वाढली. दुसरीला म्हटलं, ओळखीतल्या एका बाळाचं काहीतरी ऐकलंय. ते मी कुठेच ऐकलं नव्हतं. तिने श्वास रोखून विचारलं, "आणखी?" आता आणखी विचारल्यावर द्यायला नको? मी दिलं. रात्री झोप लागत नाही म्हणाले. खरं तर मी आडवी झाले की नवरा बोलत असताना घोरायला लागते. बोलता बोलता माझी नजर भावावर गेली. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, जसा कित्येक महिन्यांत फुलला नव्हता. त्याने शोधून आणलेला माणूस सगळ्यांत चांगला निघाला होता. ते पाहिल्यावर तर माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते पाणीही लिहून घेतलं गेलं.

सराव संपल्यावर बाईंनी माझ्यासमोरच सगळ्यांना सांगितलं, कुणाचं काय चुकलं आणि कुणी मला कसं छान उघडलं. मी शिवणीत उसवलेल्या कपड्यासारखी मध्ये बसून ऐकत होते. जाताना मला एक कापडी पिशवी मिळाली. शिलाई कच्ची होती, घरी येऊन मी ती पुन्हा मारली.

फेलोशिप भावालाच मिळाली. त्याच्या कामाला त्याने नाव दिलं होतं, "नकारापासून होकारापर्यंत: एका आईचा प्रवास". नवरा डिलिव्हरीची गाडी चालवतो. त्याने ते नाव वाचलं आणि म्हणाला, "दिवसभर प्रवास मी करतो आणि नाव हिचं." त्याने आम्हा सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. भाऊ पोरीला खांद्यावर घेऊन घरभर नाचला. ती संध्याकाळ खरंच चांगली होती.

मग तो दर आठवड्याला फोनवर माझे फोटो काढायला यायला लागला. मी मशीनवर बसलेली, मी पोरीला भरवताना, मी खिडकीतून बाहेर बघताना. खिडकीतून मी कधी बाहेर बघत नाही, समोर भिंत आहे. तो म्हणायचा, "बघ ना जरा." मी बघायची. एका दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो, पोरगी झोपली होती, आणि मला ते सगळं असह्य झालं. मी त्याला खुर्चीची गोष्ट सांगून टाकली. आधी तो पोट धरून हसला. मग हसू थांबलं आणि त्याने उठून दुकानाचं दार ओढून घेतलं.

"म्हणजे तुला भीती नाहीच?"

"नाही रे. लाज वाटते त्या बाईंना तोंड दाखवायची. आणि ऐक, माझ्यासारख्या किती आया बाटली फोडत नाहीत म्हणून परत जात असतील. सगळ्यांना पुन्हा दुकान बंद ठेवून यायला जमतं? तू हे लिही की. ही बातमी नाही का?"

तो बोटाने कातरीची मूठ फिरवायला लागला. बातमी आहे हे त्याला कळत होतं. पोटापाण्यासाठी करत असला तरी तो पत्रकार आहे, आणि वाईट नाही. पण प्रोजेक्ट मंजूर झाला होता तो घाबरलेल्या आईचा. पहिला लेख छापून आला होता आणि त्यात माझी उडालेली झोप ठळक अक्षरांत होती.

"ताई, आता हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "सांगितलंस तर मी खोटा पडेन."

खोटं मी बोलले होते आणि पडणार होता तो. मी कानाला हात लावला. नाही सांगणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या भागात गोवर आला. आधी नुसती कुजबुज होती, मग गाडीवर भोंगा लावून सांगत फिरले की दवाखान्यात आता रोज लस मिळेल, ज्यांची राहिली असेल त्यांनी या. रोज मिळेल म्हणजे बाटलीचा प्रश्न मिटला. मी भावाला फोन केला. "उद्या जाऊन येते. लाज गेली खड्ड्यात."

"उद्या नको," तो म्हणाला.

मला वाटलं त्याला यायला जमत नाही. "अरे, मी एकटी जाईन."

"ताई, तसं नाही. मुख्य फोटो फोनवर काढून चालत नाही, आणि संस्थेचा कॅमेरा पाळीपाळीने मिळतो. माझी पाळी पुढच्या आठवड्यात आहे. सगळा प्रवास ज्या क्षणासाठी चाललाय, तोच क्षण हातचा गेला तर मी दाखवू काय? फक्त पुढचा आठवडा. तोवर तिला बाहेर नेऊ नकोस."

आणि मी बरं म्हटलं. कसं म्हटलं, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. त्याचा आवाज ऐकत होते आणि त्याच्या कचेरीतली रिकामी टेबलं डोळ्यांपुढे होती, एवढं आठवतं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तर त्याने ताट बाजूला सारलं. "पोरगी कुणाची आहे? आपली की त्याच्या पेपरची?" मी उलट त्याच्यावरच चिडले. माझ्या माहेरचं काही चांगलं झालेलं तुला बघवत नाही, असं नको ते बोलले. तो उठून गेला. तो बरोबर होता आणि मला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर आवाज इतका चढला.

थांबले मी. दुकानात येणाऱ्या बायकांना लांबूनच कपडे ठेवायला सांगायची, पोरीला पडद्यामागे ठेवायची. कुणी खोकलं की मी उठून पडदा आणखी ओढून घ्यायची. आता मात्र मला खरोखर रात्री झोप येईना. ट्रेनिंगमध्ये जे जे खोटं सांगितलं होतं, ते एकेक करून खरं व्हायला लागलं.

मग एक दिवस आमच्या वरच्या मजल्यावरची बाई पडदे शिवायला टाकलेले न्यायला आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिच्या नातवाला दवाखान्यात ठेवलं होतं, सगळं अंग पुरळाने भरलेलं, छातीत कफ झालेला. ती पडदे तशीच विसरून निघून गेली. मी गळ्यातली टेपसुद्धा काढली नाही. पोरीला उचललं, दुकान उघडं टाकलं आणि निघाले. वाटेत भावाची आठवण झाली नाही असं नाही. झाली आणि मी पाय आणखी उचलले.

नर्सबाई त्याच होत्या. मी दारातच अडखळले. मग म्हटलं, "बाई, मागे मी इथे फार वाईट वागले. तुमची खुर्ची..."

"खुर्ची?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "इथल्या खुर्च्या रोज मोडतात हो. पोरीची मांडी धरा घट्ट."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी इतके महिने जो रस्ता टाळत होते, त्याच्या टोकाला माझ्यावर रागावलेलं कुणी बसलेलंच नव्हतं. सुई गेली, पोरगी किंचाळली, कापूस दाबला, संपलं. बाहेर बाकावर बसून मी एवढी हसले की शेजारची बाई सरकून बसली. आणि मग हसता हसता लक्षात आलं की माझ्या लाजेपायी मी पोरीला साथीच्या तोंडी दिलं असतं. माझ्या लाजेपायी आणि त्याच्या कॅमेऱ्यापायी.

त्या संध्याकाळी भाऊ आला. मी दार उघडताच सांगितलं, "अरे, दिली लस! आजच दिली!"

त्याचं तोंड पडलं.

क्षणभरच पडलं. लगेच त्याने ते सावरलं, "अरे वा, छान झालं," म्हणाला, पोरीच्या गालाला हात लावला. पण तो क्षण मी बघितला होता. आपली भाची साथीतून सुटली हे ऐकून माणसाचं तोंड पडतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि मी बघितलं हे त्याने बघितलं. तो खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मला त्याची इतकी लाज वाटली की त्याच्याकडे बघवेना. परक्या माणसाची वाटते तशी नव्हे. आपलंच अंग उघडं पडल्यावर वाटते तशी.

"मी काय होऊन बसलोय गं," तो हातांआडून म्हणाला.

तेव्हाच त्याला म्हणायला हवं होतं, जा, त्या बाईंना सगळं सांग, होईल ते होईल. पण मी मोठी बहीण. तो असा बसला की माझ्याच्याने राहवत नाही. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कॅमेरा कधी येतोय? आपण पुन्हा जाऊ. सुई टोचायची नाही, नुसती धरायची. कुणाला कळतंय?"

त्याला हे सुचलं नव्हतं. सुचवलं मी.

कॅमेरा आला तसे आम्ही गेलो. नर्सबाईंना त्याने विचारलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "इंजेक्शन झालंय की हिचं." मग पेपरात येणार म्हटल्यावर केस सारखे केले. "दोन मिनिटंच हं, आणि सुईचं टोपण काढणार नाही मी." टोपण फोटोत दिसणार नाही असा हात धरायला भावाने त्यांना सांगितलं. मला खिडकीकडे तोंड करून बसवलं, उजेडासाठी. मी मुद्दाम साधी साडी नेसले होते. पोरीला मात्र नवा फ्रॉक घातला होता. तो मीच आदल्या दुपारी शिवला होता, निळा, म्हणजे फोटोत उठून दिसेल.

पोरीने ती खोली ओळखली. इतक्या लहान मुलांना काय कळतं असं म्हणणाऱ्यांनी मुलं बघितलेली नसतात. नर्सबाई जवळ आल्या तसं तिचं सगळं अंग ताठ झालं. ती असा टाहो फोडून रडली की खऱ्या सुईलासुद्धा तशी रडली नव्हती. मला ढकलायला लागली, कारण मीच तिला धरून ठेवलेलं. आणि मग तिला मामा दिसला. तिचा मामा, जो हात वर केला की उचलतो. तिने दोन्ही हात त्याच्याकडे पसरले आणि झेप घेतली. मी तिची कंबर आवळून धरली.

"असंच, ताई, असंच धर," तो कॅमेऱ्यामागून म्हणत होता. "हलू नकोस. असंच."

कॅमेरा खटखट वाजत राहिला. ती त्याच्याकडे झेपावत राहिली. मी धरून राहिले. पुरे, असं आमच्यापैकी कुणीच म्हटलं नाही. शेवटी नर्सबाईंनीच हात मागे घेतला. "झालं ना? रडून रडून उलटी करेल ती."

भावाने कॅमेरा खाली ठेवला. तो तिला घ्यायला पुढे आला. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याकडे गेली नाही. तो खेळणी आणायचा, तोंडं वेडीवाकडी करायचा, दारात घुटमळायचा. मी म्हणायची, "दात येताहेत रे, म्हणून किरकिर करते." तोही हो म्हणायचा. आम्ही दोघं आता एकमेकांशी अशा सोप्या सोप्या गोष्टी बोलतो.

फोटो छापून आला आणि गाजला. माझा चेहरा त्यात अर्धाच आहे. नर्सबाईंचा हात आहे, आणि मधोमध निळ्या फ्रॉकमधली पोरगी, तोंड उघडं, दोन्ही हात बघणाऱ्याकडे पसरलेले. बायका दुकानात येऊन सांगायच्या की बघून रडू आलं. काही जणी तो बघून मुलांना लस द्यायला गेल्या, हेही खरं आहे, सांगितलं नाही तर अन्याय होईल. दवाखान्यातली रांग वाढली. भावाची नोकरी राहिली. वरच्या मजल्यावरच्या बाईचा नातू बरा झाला, पण त्याला एका कानाने नीट ऐकू येत नाही, आणि ती पडदे न्यायला आली तेव्हा पैसे माझ्या हातात न देता मशीनवर टाकून गेली. तिने पेपर वाचला होता. लस नको म्हणणाऱ्या माझ्यासारख्या आयांमुळेच साथ पसरते असं त्यात म्हटलेलं. मी तिला काय सांगणार होते?

फेलोशिप संपताना संस्थेने पुढच्या तुकडीच्या ट्रेनिंगला आम्हाला बोलावलं. त्याला, मला आणि बटणला. तोच मजला, तशाच गोल खुर्च्या, नव्या चेहऱ्यांचे नवे पत्रकार. भिंतीवर फोटो दाखवला. एवढा मोठा मी पहिल्यांदाच बघितला. भावाने समोर उभं राहून सांगितलं की माणसाचा विश्वास मिळवायला वेळ द्यावा लागतो. तो चांगलं बोलतो. फक्त फोटोकडे त्याने पाठ केली होती.

एका मुलीने हात वर केला. फोटोच्या दिवशी नकार कसा गळून पडला, नेमकं काय घडलं, असं काहीतरी तिने विचारलं. ट्रेनिंगवाल्या बाई माझ्याकडे वळल्या. "हे त्यांनीच सांगावं," त्या म्हणाल्या. "त्या क्षणी, हा फोटो काढला गेला तेव्हा, तुम्हाला काय वाटलं?"

"लाज वाटली," मी म्हणाले.

मी ठरवून आले नव्हते. ते तोंडातून बाहेर पडलं. सगळी पेनं एकदम कागदावर टेकली. बाई नेहमीसारख्या गप्प राहिल्या आणि मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "कशाची?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. बाटली फोडत नाहीत ते, खुर्ची, सुईवरचं टोपण, फोटोच्या आधीच दिलेली लस. समोर इतके लिहिणारे लोक बसलेले. मी आधी त्या बॅज लावलेल्या पोरांकडे बघितलं, मग भावाकडे. तो भिंतीशी उभा होता. त्याने मान हलवली. अगदी थोडी, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही इतकी. नको, ताई.

"उशीर केला, त्याची," मी म्हणाले.

खोलीभर सुस्कारा सुटला. बाईंनी डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. काही जण उभे राहिले. भाऊ खाली बघत टाळ्या वाजवत होता. माझ्या मांडीवर बसलेल्या पोरीने आधी इकडेतिकडे बघितलं, सगळे वाजवताहेत म्हणून खुदकन हसली, आणि तिनेही आपले दोन्ही हात एकमेकांवर आपटायला सुरुवात केली.